विंडोज ७ वर जर्मन कीबोर्ड टाकला तेव्हापासून कृतीदेवमध्ये ल च्या जागी रकार येऊन राह्यला, मदत पायजे

पांढरं_सोनं, आर्णी तालुका, जि. यवतमाळ

नमस्कार मंडळी. गावात माझं छोटं ऑनलाइन सेंटर हाये, अर्ज टाइप करून देणे, पीक विम्याचे फॉर्म, सातबारा काढून देणे असं चालते. मशीन जुनी, विंडोज ७, २ जीबी रॅम, पण काम कधी अडलं नाही. मराठी सगळं कृतीदेव ०१० या फॉन्टमध्ये करतो, हात त्याच्यावरच बसलेला हाये.

माझी भाची जीएनएम झालेली हाये अन् जर्मनीत नर्स म्हणून जायचं म्हणून जर्मन शिकून राह्यली. बी वन पास झाली, आता बी टू चालू हाये. सेंटर बंद झालं की संध्याकाळी याच मशीनवर तिचा क्लास अन् लिहायचा अभ्यास असते. त्याच्यासाठी मशीनमध्ये जर्मन कीबोर्ड टाकला. तेव्हापासून दोन भानगडी सुरू झाल्या.

एक म्हणजे वर्ड उघडून ग्रामपंचायत टाइप केलं की गलामपंचा असं येते अन् य च्या जागी भलतंच चिन्ह. तालुका लिहिलं तर ल गायब, तिथं नुसता रकार लटकते. जिल्हा तर वाचताच येत नाही. दुसरं म्हणजे लाइन गेली की मशीन बंद पडते, इन्व्हर्टरची बॅटरी उतरलेली हाये, अन् परत चालू केली की पासवर्ड चुकीचा म्हणते. मी तोच टाकतो जो आजवर टाकत आलो. भाची आली की तिच्या हातानं मात्र चालू होते.

जर्मन काढून टाका असं कृपा करून सांगू नका. गावात तिच्यासाठी दुसरी मशीन नाही अन् तिची परीक्षा जवळ हाये.

उमरेडकर

भाऊ फॉन्ट खराब झाला असंल. कंट्रोल पॅनलमध्ये फॉन्ट्समध्ये जाऊन कृतीदेव डिलीट करा अन् नवीन टाका. आमच्या इथं झेरॉक्सवाल्याकडे असंच झालं होतं.

पांढरं_सोनं

फॉन्ट काढून परत टाकला भाऊ, काहीच फरक नाही. जुने सेव्ह केलेले अर्ज उघडले तर ते एकदम बरोबर दिसतात. नवीन टाइप करतो तेच बिघडते.

निवृत्त_टंकलेखक, अकोला

जुनं बरोबर दिसतं आणि नवीनच बिघडतं म्हणजे फॉन्टचा दोष नाही, फॉन्टला बोल लावू नका. मी उभी हयात कचेरीत मराठी टंकलेखन केलं, आधी मशीनवर मग कॉम्प्युटरवर, त्यामुळे कोणतं अक्षर कोणत्या बटणावर ते बोटांना पाठ आहे. कृतीदेवमध्ये ल हा वाय च्या बटणावर आणि रकार झेड च्या बटणावर. तुमचं ग्राम चं गलाम झालं म्हणजे रकाराच्या बटणातून ल निघाला, तालुक्यात ल च्या बटणातून रकार निघाला. दोघांची सरळ अदलाबदल झाली आहे. जिल्ह्यातला अर्धा ल शिफ्ट वाय वर असतो आणि शिफ्ट झेड वर रफार, म्हणून तिथे रफार उडून मागच्या अक्षरावर जाऊन बसला असणार. आणि य असतो अर्धविरामाच्या बटणावर.

एक करून पाहा. नोटपॅड उघडा, फॉन्ट साधा इंग्रजी ठेवा, आणि वाय, झेड, अर्धविराम ही तीन बटणं दाबून काय उमटतं ते इथे सांगा. पासवर्ड इथे लिहू नका, फक्त त्यात वाय किंवा झेड आहे का तेवढं सांगा.

पांढरं_सोनं

काकाजी, वाय दाबलं तर झेड येते, झेड दाबलं तर वाय. अर्धविरामाच्या बटणावर ओ येते अन् त्याच्या डोक्यावर दोन टिंबं. अन् हो, पासवर्डमध्ये झेड हाये.

डीटीपी_ताई, वर्धा

काकाजींनी अगदी नेमकं पकडलं. आता हे का होतंय ते समजून घ्या म्हणजे पुढे कधी अडणार नाही, थोडं लांब लिहितेय पण वाचा दादा.

कृतीदेव हा मराठीचा कीबोर्ड नाहीच मुळी. तो फक्त फॉन्ट आहे, इंग्रजी अक्षरांच्या अंगावर मराठी चित्रं चढवलेली. तुम्ही ग्राम टाइप करता तेव्हा मशीनच्या आत एक्स, झेड, के, ई ही चार इंग्रजी अक्षरंच साठतात, दिसताना फक्त ग्राम दिसतं. श्रीलिपी, शिवाजी हे जुने फॉन्टपण याच पद्धतीचे. म्हणजे मागे विंडोजचा कीबोर्ड इंग्रजी असणं ही कृतीदेवची गरज आहे. मागचा कीबोर्ड जर्मन झाला की बटणातून वेगळं इंग्रजी अक्षर निघतं आणि फॉन्ट बिचारा त्या अक्षराचं जे चित्र असेल ते दाखवतो. जुने अर्ज बरोबर दिसतात कारण त्यांच्यात आधीच बरोबर अक्षरं साठलेली आहेत.

जर्मन कीबोर्डवर वाय आणि झेड यांच्या जागा उलट असतात, कारण जर्मनमध्ये झेड फार लागतो आणि वाय क्वचित. अर्धविरामाच्या जागी ओ उमलाउट, म्हणजे डोक्यावर दोन टिंबांचा ओ, त्याच्या शेजारी अवतरण चिन्हाच्या जागी ए उमलाउट, चौकोनी कंसाच्या जागी यू उमलाउट, आणि शून्याच्या पुढे जिथे आपला डॅश असतो तिथे तो दुहेरी एस, एस्त्सेट म्हणतात त्याला. कृतीदेवमध्ये यातली बरीच बटणं रोजच्या वापरातली, म्हणून तुमचा अर्धा अर्ज बिघडतो.

आणि पासवर्डचं कारणही हेच. लॉगिनच्या स्क्रीनवर जर्मन कीबोर्ड चालू आहे, टाइप करताना नुसती टिंबं दिसतात म्हणून तुम्हाला झेड चा वाय झालेला कळत नाही. भाचीचा हात जर्मनवर बसलेला आहे म्हणून तिच्याकडून बरोबर पडतो.

पांढरं_सोनं

ताई, आता डोक्यात उजेड पडला. मी तर मशीनमध्ये व्हायरस शिरला असं धरून बसलो होतो. पण मग लॉगिनवर जर्मन गेलं कसं? अन् खाली घड्याळाजवळ मले इंग्रजीचं ईएन, जर्मनचं डीई असं काहीच दिसत नाही, लोक सांगतात तिथं पाहा म्हणून.

डीटीपी_ताई, वर्धा

बहुतेक डिफॉल्ट जर्मन ठेवलंय, मग सेटिंग वेलकम स्क्रीनवरही, म्हणजे लॉगिनच्या स्क्रीनवर, कॉपी केलंय, आणि लँग्वेज बार लपवलेला आहे. कॉम्प्युटर चालू करताना लॉगिनच्या स्क्रीनवर डाव्या हाताला वरच्या कोपऱ्यात बघा, तिथे डीई असं छोटं दिसेल. त्याच्यावर क्लिक करून ईएन करा मग पासवर्ड टाका. आजची गाडी तेवढ्यावर निघेल.

कायमचं करायचं तर असं. कंट्रोल पॅनल, त्यात रीजन अँड लँग्वेज, त्यात कीबोर्ड्स अँड लँग्वेजेस नावाचा टॅब, तिथे चेंज कीबोर्ड्स. एक खिडकी उघडेल, तिच्यात वरच डिफॉल्ट इनपुट लँग्वेज असं लिहिलेलं असतं, तिथे इंग्लिश यूएस निवडा. खाली यादीत जर्मन राहू द्या, त्याला हात लावू नका. मग त्याच खिडकीत लँग्वेज बार हा टॅब, तिथे डॉक्ड इन द टास्कबार निवडा, म्हणजे घड्याळाजवळ ईएन डीई दिसायला लागेल. ॲप्लाय, ओके. मग मागच्या खिडकीत ॲडमिनिस्ट्रेटिव्ह टॅब, तिथे कॉपी सेटिंग्ज, आणि खाली वेलकम स्क्रीन अँड सिस्टिम अकाउंट्स असं लिहिलेल्या चौकोनात टिक. हा क्रम उलटा करू नका, आधी आपलं डिफॉल्ट इंग्रजी करायचं मगच कॉपी, नाहीतर जर्मनच परत कॉपी होईल.

उमरेडकर

हे लय कामाचं हाये. मी पण लिहून घेतलं.

पांढरं_सोनं

केलं ताई. पासवर्ड पहिल्याच वेळी घेतला, अन् वर्डमध्ये ल बरोबर, रकार बरोबर, य पण आला. पण अजून एक गोष्ट समजून नाही राह्यली. भाचीनं वर्डमध्ये डीई केलं, अन् मग ब्राउझर उघडला तर तिथं परत ईएन. वर्डमध्ये गेली की डीई. तिले वाटते सेटिंग टिकूनच नाही राह्यली.

मिंटवाला, चंद्रपूर

टिकतेय भाऊ, विंडोज ७ ची रीतच तशी आहे. प्रत्येक प्रोग्रॅमच्या खिडकीचा कीबोर्ड वेगळा लक्षात ठेवला जातो, नवीन खिडकी उघडली की ती डिफॉल्टवर उघडते. घड्याळाजवळ जे दिसतं ते फक्त आत्ता समोर असलेल्या खिडकीचं. विंडोज ८ पासून हे बदललं, तिथे एकदा बदललं की सगळीकडे बदलतं. तुमच्या कामाला तर ७ ची पद्धतच सोयीची, वर्डमध्ये कृतीदेव इंग्रजीवर आणि ब्राउझरमध्ये भाचीचा क्लास जर्मनवर असं एकाच वेळी चालू शकतं.

एक सावधगिरी. डावा ऑल्ट आणि शिफ्ट एकत्र दाबले की भाषा बदलते, आणि भरभर टाइप करणाऱ्याच्या हातून हे न कळत दाबलं जातं. त्याच चेंज कीबोर्ड्सच्या खिडकीत ॲडव्हान्स्ड की सेटिंग्ज असा तिसरा टॅब आहे. तिथे भाषा फिरवणारी ती जोडी बंद करून प्रत्येक भाषेला स्वतःची जोडी द्या, डावा ऑल्ट शिफ्ट १ ला इंग्रजी, २ ला जर्मन. मग चुकून काही होणार नाही.

जर्मन_शिकवते, नागपूर

मी नागपूरला जर्मन शिकवते, माझ्याकडे यवतमाळ, गोंदिया, गडचिरोलीच्या बऱ्याच मुली ऑनलाइन आहेत, जवळपास सगळ्या नर्सिंगच्या. २०२४ मध्ये महाराष्ट्र सरकारनं जर्मनीतल्या बाडेन व्युर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केला, तेव्हापासून खेड्यातल्या मुलीही धीर करून विचारायला लागल्या. आणि खरं सांगते, त्यांची पहिली अडचण व्याकरणाची नसते, कीबोर्डची असते. लिहायच्या सरावात उमलाउट देता येत नाही म्हणून मुली शब्दच बदलून टाकतात, मग त्यांचं लिखाण गरीब होत जातं. म्हणून दादा तुम्ही जर्मन काढू नका म्हणालात ते वाचून फार बरं वाटलं.

भाचीला सांगा की अडचणीच्या वेळी ए उमलाउटच्या जागी ए ई, ओ ला ओ ई, यू ला यू ई, आणि एस्त्सेटच्या जागी दोन एस लिहिणं जर्मनमध्ये मान्य आहे, स्वित्झर्लंडमध्ये तर एस्त्सेट वापरतच नाहीत. पण ऑनलाइन सराव तपासणारी मशीन हे चूक धरू शकते, त्यामुळे सवय लावू नये.

डीटीपी_ताई, वर्धा

मॅडम, मी एक सुचवू का, तिला पूर्ण जर्मन कीबोर्डऐवजी यूएस इंटरनॅशनल दिला तर? इंग्रजीचीच एक जात आहे ती. वाय झेड जागच्या जागी राहतात. दुहेरी अवतरण दाबून मग यू दाबला की यू उमलाउट, तसंच ए आणि ओ. उजवा ऑल्ट धरून एस दाबला की एस्त्सेट, उजवा ऑल्ट आणि ५ ला युरोचं चिन्ह. एवढंच की नुसतं अवतरण पाहिजे असेल तर ते दाबून स्पेस दाबावी लागते, नवीन माणूस घाबरतो की बटण चालत नाही, ते चालतं, फक्त पुढच्या अक्षराची वाट बघतं. बटणांवर छापलेलं आणि स्क्रीनवर येणारं जवळपास जुळतं.

जर्मन_शिकवते, नागपूर

ताई, घरच्या पत्रव्यवहाराला ते उत्तम आहे, मी स्वतः आधी तेच वापरायचे. पण या मुली तिकडे वॉर्डमध्ये काम करणार. पेशंटची नोंद तिकडच्या कॉम्प्युटरवर करायची, तिथे जर्मन कीबोर्डच असणार आणि ड्युटीवर वाय झेड शोधत बसायला कोणी वेळ देणार नाही. आत्ता सहा महिने बोटं रडतील पण तिथे गेल्यावर हात चालेल. माझं मत ठाम आहे, जर्मनच शिकावा.

निवृत्त_टंकलेखक, अकोला

मॅडमच्या बाजूने माझं मत. कीबोर्ड हाताला एकदाच शिकवावा आणि जो कामावर मिळणार आहे तोच शिकवावा. आम्ही रेमिंग्टनवर शिकलो म्हणूनच कृतीदेववर आल्यावर हात अडला नाही, त्याची रचना त्याच मशीनवरून घेतलेली आहे.

पांढरं_सोनं

नमस्कार, मामाजींच्या आयडीवरून मी भाची लिहिते आहे. सगळ्यांचे मनापासून आभार. मॅडम, मी जर्मनच ठेवते. कीबोर्ड टाकताना जो व्हिडिओ पाहिला त्यात डिफॉल्ट जर्मन करायला सांगितलं होतं आणि वेलकम स्क्रीनवर कॉपी करायलाही, म्हणून ते तसं होतं. आता माझी अडचण अशी की ॲट चं चिन्ह सापडत नाही, ईमेल टाकताना थांबावं लागते. प्रश्नचिन्ह पण शोधत बसते. आणि क्लासमध्ये सगळ्यांसमोर स्क्रीन शेअर करून लिहायचं असते तेव्हा फार गडबड होते.

जर्मन_शिकवते, नागपूर

बेटा, ॲट म्हणजे उजवा ऑल्ट धरून क्यू. उजवा ऑल्ट जर्मनमध्ये साधा ऑल्ट नसतो, त्याला आल्ट गेआर म्हणतात, तिसरी अक्षरं त्याच्यात असतात. युरो म्हणजे उजवा ऑल्ट आणि ई. प्रश्नचिन्ह शिफ्ट धरून एस्त्सेटचं बटण, म्हणजे शून्याच्या लगेच पुढचं. तिरपी रेघ शिफ्ट ७, कंस शिफ्ट ८ आणि शिफ्ट ९, बरोबरचं चिन्ह शिफ्ट शून्य, दुहेरी अवतरण शिफ्ट २. अर्धविराम शिफ्ट आणि स्वल्पविराम, विसर्गासारखी दोन टिंबं शिफ्ट आणि पूर्णविराम. डॅश उजव्या शिफ्टच्या शेजारी, जिथे आपली तिरपी रेघ असते तिथे. एवढं कागदावर काढून मॉनिटरखाली चिकटव.

आणि स्टार्टमध्ये ओएसके टाइप करून एंटर दाब. स्क्रीनवर कीबोर्ड येईल आणि तो आत्ता चालू असलेल्या भाषेचा असतो. शिफ्ट दाबला की शिफ्टची अक्षरं, उजवा ऑल्ट दाबला की त्याची. एक आठवडाभर तो बाजूला उघडा ठेवून सराव कर.

मिंटवाला, चंद्रपूर

दुसऱ्या कोणाच्या मशीनवर बसायची वेळ आली आणि तिथे जर्मन नसलं तर आकड्यांचे कोड लक्षात ठेव. नमलॉक चालू करून ऑल्ट धरायचा आणि उजवीकडच्या नंबरपॅडवर ०२२८ म्हणजे ए उमलाउट, ०२४६ ओ, ०२५२ यू, ०२२३ एस्त्सेट. मोठ्या लिपीतले ०१९६, ०२१४, ०२२०. वरच्या ओळीतल्या आकड्यांनी हे होत नाही.

पांढरं_सोनं

आता मामा लिहून राह्यला. मंडळी, कीबोर्डचं जमलं पण काल एक नवीनच निघालं. सोयाबीन कोणाचं किती झालं त्याचा हिशेब मी लोकांना एक्सेलमध्ये करून देतो. १२.५ क्विंटल लिहिलं की त्या घरात १२ माई का काय असं येते. ८.५ लिहिलं तर ८ माई. बेरीज तर विचारूच नका, लाखांत जाते. घड्याळाजवळ ईएन दिसते, वाय झेड बरोबर येतात. मग हे काय हाये?

उमरेडकर

एक्सेल परत टाका.

डीटीपी_ताई, वर्धा

एक्सेल परत टाकू नका! हे कीबोर्डचं नाहीच. रीजन अँड लँग्वेजमध्ये पहिलाच टॅब फॉरमॅट्स आहे, तिथे जर्मन निवडलेलं असणार. ही दोन वेगवेगळी सेटिंग आहेत आणि बहुतेक लोक एकच समजतात. कीबोर्ड ठरवतो बटणातून कोणतं अक्षर निघणार, फॉरमॅट ठरवतो तारीख, आकडा, पैसे कसे वाचायचे.

जर्मनीत दशांश चिन्ह स्वल्पविराम असतं, साडेबारा म्हणजे १२,५. आणि पूर्णविराम तारखेत येतो, दिवस पूर्णविराम महिना. म्हणून तुम्ही १२.५ लिहिलं की एक्सेल म्हणतं बारा तारीख, पाचवा महिना, म्हणजे १२ मे. माई हा त्यांचा मे. आणि एक्सेल तारीख आतून आकडा म्हणून ठेवतं, १ जानेवारी १९०० पासूनचे दिवस मोजून, आज तो आकडा ४५ हजारांच्या वर गेलाय. तुमच्या बेरजेत हे आकडे मिळवले जातात म्हणून लाखांत जाते.

फॉरमॅट्समध्ये इंग्लिश इंडिया निवडा, ओके करा, एक्सेल बंद करून परत उघडा. पुढचे आकडे बरोबर पडतील, आणि आपल्यासारखे लाख कोटीचे स्वल्पविरामही मिळतील. मग वेलकम स्क्रीनची ती कॉपी परत एकदा करून टाका म्हणजे तिकडेही जर्मन फॉरमॅट उरणार नाही.

पण दादा, आधीच तारीख झालेले घर सुधारणार नाहीत. ते कागदावरून परत टाइप करा. फॉर्म्युल्यानं दिवस आणि महिना वेगळे काढून आकडा जोडता येतो, पण १२.५ आणि १२.०५ या दोन्हींचा १२ मे च झालेला असतो, मशीनला आता फरक सांगता येणार नाही. ५ किलो आणि ५० किलोचा फरक आहे तो, लोकांच्या मालाचा हिशेब आहे, अंदाजानं करू नका.

पांढरं_सोनं

बरोबर बोलल्या ताई. वही हाये माझ्याकडे, सगळं परत टाकतो. ज्यायले छापून दिलं त्यायच्याकडून कागद परत मागवून घेतो आजच.

मिंटवाला, चंद्रपूर

हे सगळं एकाच खात्यावर चाललंय म्हणून एकमेकांच्या पायात येतंय. कीबोर्ड, डिफॉल्ट, फॉरमॅट ही तिन्ही सेटिंग ज्याच्या त्याच्या यूजर खात्याची असतात. कंट्रोल पॅनलमध्ये यूजर अकाउंट्समध्ये जाऊन भाचीच्या नावानं स्टँडर्ड खातं उघडून द्या. तिच्या खात्यात जर्मन डिफॉल्ट, जर्मन फॉरमॅट, जे हवं ते. तुमच्या खात्यात इंग्रजी. फक्त ती कॉपी सेटिंग्जवाली टिक तिच्या खात्यातून करायची नाही. आणि रॅम २ जीबीच आहे तर स्विच यूजर करू नका, दोन्ही खाती एकदम उघडी राहतात आणि मशीन रांगायला लागते. लॉग ऑफ करून मग दुसऱ्यानं बसायचं.

अजून एक, विंडोज ७ चा सपोर्ट १४ जानेवारी २०२० लाच संपलाय. क्रोम १०९ च्या पुढचा त्याच्यावर चढत नाही, फायरफॉक्सची ईएसआर ११५ ही शाखा चालते, क्लासला ती वापरा. बँकेचं काम त्या मशीनवर टाळा. शक्य झालं तर शेजारी लिनक्स मिंटची एक्सएफसीई आवृत्ती टाकून बघा, २ जीबीवर चालते, मी लावून देईन, फोनवर सांगतो.

पांढरं_सोनं

दादा, लिनक्स सध्या नाही जमणार, अंगठ्याच्या मशीनचा ड्रायव्हर माझ्याकडे विंडोजचाच हाये अन् हंगामात प्रयोग करायची हिंमत नाही. खातं मात्र उघडलं तिचं. तिनं स्वतः सगळं बसवून घेतलं, माझ्या खात्याले हात लागलाच नाही. बँकेचं मोबाइलवर करून राह्यलो आता.

निवृत्त_टंकलेखक, अकोला

एवढं झालंच आहे तर माझी एक विनंती ऐका. हळूहळू युनिकोडकडे वळा, म्हणजे ज्यात मशीनच्या आतही मराठी अक्षरंच साठतात त्या पद्धतीकडे. कृतीदेवचा अर्ज ईमेलनं पाठवला आणि समोरच्याकडे फॉन्ट नसला तर त्याला नुसती इंग्रजी अक्षरं दिसतात. ऑनलाइन फॉर्मच्या चौकटीत कृतीदेव चालतच नाही. विंडोज ७ मध्ये मराठीचा कीबोर्ड आधीपासून आहे, सीडी लागत नाही, जर्मन टाकला तसाच यादीतून टाकायचा. इन्स्क्रिप्ट पद्धत आहे, डाव्या हाताला स्वर आणि काना मात्रा, उजव्या हाताला व्यंजनं. के वर क, एच वर प, डी वर हलन्त म्हणजे पाय मोडायचं चिन्ह. ग्राम म्हणजे आय, डी, जे, ई, सी. जसं बोलतो तसं ओळीनं टाइप करायचं, वेलांटी आधी मारायची नाही.

आणि तुमच्या अर्जात पदोपदी येणारा शब्द, शेतकऱ्याचा, त्यातला ऱ्य अनेकांना येत नाही म्हणून लोक रफार देऊन शेतकर्याचा लिहितात. शिफ्ट जे दाबा, मग डी, मग तिरप्या रेघेच्या बटणावरचा य. नीट उमटतो. वयाच्या सत्तरीत मी शिकलो हे, तुमचा हात तर तरुण आहे. ज्यांना जुनाच हात ठेवायचा आहे त्यांच्यासाठी रेमिंग्टन पद्धतीनं युनिकोड टाइप करायची साधनंही मिळतात.

पांढरं_सोनं

काकाजी टाकला मराठी. ऑल्ट शिफ्ट ३ वर ठेवला. शेतकऱ्याचा बरोबर आला, हा इथला संदेश त्याच्यावरच लिहिला, हळू लिहिलं पण लिहिलं. भाची म्हणते क्लासमध्ये स्क्रीन शेअर करून पूर्ण पत्र लिहिलं अन् ॲटवर अडली नाही.

प्राणहिता_काठ, सिरोंचा

इथंच विचारतो, वेगळा धागा नाही काढत. आमच्या वाचनालयात त्याहून जुनी मशीन आहे, विंडोज एक्सपी. वाचकांची यादी मराठी आणि तेलुगू दोन्हीत करायची आहे, इकडे घरोघरी तेलुगू बोलतात. इंटरनेट नाही त्या मशीनला, फक्त यादी आणि प्रिंट. यादीत मराठी तेलुगू दिसतच नाही, जर्मन फ्रेंच मात्र दिसतात! चामोर्शीकडचा एक मित्र आहे, त्याला बंगाली पाहिजे.

डीटीपी_ताई, वर्धा

दादा, एक्सपीमध्ये युरोपच्या भाषा आधीच बसवलेल्या असतात, आपल्या भाषांच्या फाइली वेगळ्या टाकाव्या लागतात. कंट्रोल पॅनल, रीजनल अँड लँग्वेज ऑप्शन्स, लँग्वेजेस टॅब. तिथे कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट आणि उजवीकडून डावीकडे लिहिण्याच्या भाषांचा एक चौकोन आहे, त्यात टिक करा. खालचा पूर्व आशियाई भाषांचा चौकोन सोडून द्या, तो चिनी जपानीसाठी आहे, उगाच जागा खातो. ॲप्लाय केलं की विंडोजची सीडी मागेल. मग मशीन रीस्टार्ट, परत त्याच टॅबमध्ये डिटेल्स, ॲड, आणि मराठी, तेलुगू दोन्ही यादीत दिसतील. मराठीला मंगल फॉन्ट, तेलुगूला गौतमी, दोन्ही त्याच्यातच येतात. मित्राला सांगा, बंगालीसाठी सर्व्हिस पॅक २, म्हणजे एक्सपीची सुधारणांची दुसरी भर, लागेल, त्याच्या आधीच्या एक्सपीत बंगाली नव्हती.

भाषा बदलायची पट्टी दिसली नाही तर रनमध्ये सीटीएफमॉन टाइप करून एंटर. तरी नाही आली तर डिटेल्सच्या खिडकीत ॲडव्हान्स्ड टॅबमध्ये ॲडव्हान्स्ड टेक्स्ट सर्व्हिसेस बंद करायची टिक लागलेली असते, ती काढा.

प्राणहिता_काठ, सिरोंचा

सीडी कुठे गेली कोणालाच माहीत नाही ताई.

डीटीपी_ताई, वर्धा

सी ड्राइव्हमध्ये आय ३८६ नावाचा फोल्डर शोधा, विंडोजच्या फोल्डरच्या आतही बघा. मशीन बसवून देणारे बरेचदा तो कॉपी करून ठेवतात. सीडी मागणारी खिडकी आली की ब्राउझ करून तोच फोल्डर दाखवा. नसलाच तर तालुक्याला ज्याच्याकडे एक्सपीची सीडी असेल त्याच्याकडून तेवढा फोल्डर पेनड्राइव्हवर आणा, सर्व्हिस पॅक मात्र तुमच्या मशीनचा आहे तोच असू द्या. माय कॉम्प्युटरवर राइट क्लिक करून प्रॉपर्टीजमध्ये कोणता आहे ते आधी बघून इथे लिहा, मग पुढचं सांगते.